मजरे, वाडी आणि पेठ : सोलापुराभोवतीच्या लहान वस्त्यांच्या कारभाराचा वृत्तान्त

धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या पुस्तकात देवळाच्या बांधकामाचा, शाळेचा आणि सेवेकरी मंडळींचा इतिहास यावयाचा, हे रीतीस धरूनच आहे. तो इतर लेखकांनी सादर केलेला वाचकांस ह्याच पुस्तकात आढळेल. आमच्याकडे आलेला विषय काहीसा निराळा आहे. शुक्रवार पेठेत व तिच्या आसपास नांदणाऱ्या आमच्या पुष्कळ कुटुंबांचे मूळ ठिकाण ही पेठ नाही, हे शहरही नाही. ते कोठल्या तरी वाडीचे, वस्तीचे अथवा तांड्याचे रहिवासी होत. "आपण मूळचे कोठील?" असे विचारले असता ही मंडळी प्रथम तालुक्याचे नाव सांगतात, मग जवळच्या मोठ्या गावाचे, आणि आपल्या वाडीचे नाव, विचारणारा जाणता दिसला तरच. ह्या संकोचास मोठा जुना इतिहास आहे, व तो केवळ लाजेचा नसून दप्तराचा आहे, असे आमचे मत आहे. जिचे नाव दप्तरात स्वतंत्रपणे लिहिले जात नाही अशा वस्तीचा कारभार कोण पाहतो, तिचा कर कोठे जातो आणि तिचे गाऱ्हाणे कोण ऐकतो, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

आरंभ एका शब्दापासून करू. मराठेशाहीच्या कागदांत वस्तीच्या नावामागे तिची पायरी लिहिण्याची चाल होती. जेथे बाजार भरे व परगण्याचे ठाणे असे तो 'कसबा'. शेतकऱ्यांचे पूर्ण गाव ते 'मौजे'. व्यापाऱ्यांसाठी मुद्दाम वसविलेली ती 'पेठ'. आणि दुसऱ्या गावाच्या शिवारात वसलेली, त्याच गावच्या हिशेबात धरली जाणारी लहान वस्ती ते 'मजरे'. हा शब्द अरबी आहे. त्याचा मूळ अर्थ नांगरलेली जमीन, शेत. शेतावर राहावयास गेलेल्या चार घरांची वस्ती झाली, वस्तीची वाडी झाली, तरी दप्तरात ती शेतच राहिली.

पूर्ण गावास पांढरी व काळी अशी दोन अंगे असत. पांढरीत घरे, काळीत शेते. पांढरीवर पाटील, कुळकर्णी, चौगुला हे वतनदार व बारा बलुतेदार नांदत. गावात तंटा पडला तर गोत बसे, साक्षी होत व निवाडा लिहिला जाई. मजऱ्यास हा सरंजाम क्वचितच पुरता लाभे. त्याचा पाटील बहुधा मूळ गावचाच, कुळकर्णी तोच, लोहार-सुताराकडे जावयाचे तर ओढा ओलांडून मूळ गावीच जावे लागे. निवाड्यास बसणाऱ्या गोतांत वाडीच्या माणसास स्थान मिळे ते मूळ गावातील आपल्या भाऊबंदांच्या आधाराने. ह्याचा अर्थ असा नव्हे की वाडीचे लोक दुःखीच असत. दूर राहणाऱ्यास कधी कधी वेठीचे बोलावणेही उशिरा पोहोचते. परंतु सारा मात्र वेळेवर वसूल होई.

पेठेची गोष्ट ह्याच्या उलट. पेठ वसवावयाची म्हणजे सरकारातून कौल मिळे, काही वर्षे करांत सूट मिळे, व कारभारास शेट्ये-महाजन नेमले जात. पेठ ही जन्मापासूनच सनद घेऊन येई. वाडी आपोआप उगवे व सनदेवाचून वाढे. पुण्याप्रमाणे सोलापुरातही वारांच्या नावाच्या पेठा आहेत, व आमचे घर त्यांतील शुक्रवार पेठेच्या सावलीत आहे. म्हणून वाडीचा इतिहास पेठेत बसून लिहिताना आम्हांस थोडे अवघडल्यासारखे होते, हे कबूल केले पाहिजे.

आता सोलापूर ह्या नावाकडेच पाहा. सोळा गावे मिळून हे शहर झाले म्हणून ते सोलापूर, अशी एक प्रसिद्ध समजूत आहे. आणि त्या सोळा गावांच्या यादीत आदिलपूर, अहमदपूर, चापलदेव, फत्तेपूर, काळजापूर, खादरपूर, राणापूर, संदलपूर, शेखपूर, सोनलगी, सोनापूर ह्यांच्या जोडीला जामदारवाडी व वैदकवाडी अशा वाड्याही सांगितल्या जातात. विद्वान लोक ही व्युत्पत्ती आता मानीत नाहीत. बाराव्या शतकात शिवयोगी सिद्धेश्वरांच्या काळी ह्या स्थळास 'सोन्नलगे' म्हणत. शके १२३८ च्या, कामती येथील संस्कृत लेखात ते 'सोनलीपूर' आहे. आणि किल्ल्यातील लेखांतही त्याच्या जवळचीच रूपे आढळतात. तेव्हा सोळाचा हिशेब मागाहून जुळविला असला पाहिजे. तथापि आम्हांस ह्या समजुतीतील एक गोष्ट मोलाची वाटते. लोकांच्या स्मरणात हे शहर एका राजाने वसविलेले नाही. ते लहान लहान वस्त्यांच्या मिळण्याने झालेले आहे. त्या सोळांपैकी किती नावे आज आमच्या तरुण वाचकांस ठाऊक आहेत? मिळालेल्या वस्तीचे नाव दोन पिढ्यांत पुसले जाते.

इसवी सन १८१८ मध्ये सोलापूरचा किल्ला पडला व पेशवाई संपली. पुढील वर्षी एल्फिन्स्टनसाहेबांनी जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात गावच्या व्यवस्थेची व पंचायतीची त्यांनी वाखाणणी केली आहे. परंतु वाखाणणी एकीकडे व पैमाश दुसरीकडे. गोल्डस्मिड व विंगेट ह्यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात जी नवी मोजणी आरंभिली, ती लवकरच आमच्या जिल्ह्यातही आली. शेतास सर्व्हे नंबर मिळाले, दगड रोवले गेले, आकार ठरला. ही मोजणी रयतेस बऱ्याच अंशी सुखाची झाली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कारण आकार तीस वर्षांसाठी कायम झाला. पण प्रत्येक नंबर कोणत्या तरी गावच्या नकाशात पडावयाचा, व नकाशा मौजेचा. वाडीची घरे त्या नकाशात एखाद्या नंबराच्या पोटात ठिपक्यांसारखी राहिली. गावठाणाची रेषा मूळ गावाभोवती पडली. वाडीभोवती बहुधा पडली नाही. आजही वाडीतील घर 'गावठाणाबाहेरचे' ठरते व त्यामुळे कर्जास, नोंदीस, वाटणीस जी अडचण येते, तिचे मूळ ह्या जुन्या रेषेत आहे.

पुढे लोकल फंड आला. १८६९ च्या कायद्याने साऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा घेऊन तो रस्ते, शाळा व धर्मशाळा ह्यांवर खर्च करावयाचे ठरले. १८८२ साली लॉर्ड रिपन ह्यांचा स्थानिक स्वराज्याविषयीचा ठराव प्रसिद्ध झाला, व १८८४ च्या कायद्याने जिल्हा व तालुका लोकल बोर्डे स्थापन झाली. शहराची नगरपालिका त्यापूर्वीच, १८५२ साली, अस्तित्वात आली होती. म्हणजे शहरास आपले पंच मिळाल्यानंतर पुष्कळ वर्षांनी जिल्ह्यास मिळाले. गावास तर १९२० च्या ग्रामपंचायत कायद्यापर्यंत वाट पाहावी लागली, आणि तेव्हाही ती पंचायत थोड्याच गावी उभी राहिली. वाडीचा आणा मात्र पहिल्या दिवसापासून फंडात पडत होता. तिच्यापर्यंत रस्ता न येण्याचे कारण कोणाचा दुष्टपणा हे नव्हे. बोर्डात बसणारे गृहस्थ मोठ्या गावचे, त्यांच्या डोळ्यांपुढे त्यांचाच रस्ता. आणि वाडीतून बोर्डाच्या सभेस जाणारा कोणी नव्हता, एवढेच.

येथे दोन वस्त्यांचा विशेष उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही.

पहिली म्हणजे तांडा. लमाण लोक बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य वाहून देशभर फिरत. १८६० साली आगगाडी सोलापुरास आली आणि त्या धंद्याचा कणाच मोडला. तांडे हळूहळू गावांच्या कडेला, माळावर स्थिरावले. सोलापुराजवळचा मुळेगाव तांडा हे नाव आमच्या सर्व वाचकांच्या परिचयाचे आहे. तांड्यास आपला नाईक असे, आपला न्याय असे. परंतु ज्या शिवारात तो थांबला त्या गावच्या व्यवस्थेत त्यास जागा नव्हती. आत पूर्ण स्वराज्य व बाहेर शून्य अधिकार, अशी ती चमत्कारिक स्थिती होती.

दुसरी वस्ती म्हणजे शहराच्या कडेची सेटलमेंट. १८७१ साली सरकारने काही जातींच्या जातीच जन्मतः गुन्हेगार ठरविणारा कायदा केला, आणि विसाव्या शतकात त्या कायद्याखाली सोलापुरास ह्या लोकांची वसाहत उभारली गेली. तारेच्या कुंपणाआड कुटुंबे राहत. पुरुषांस, बायकांस हजेरी द्यावी लागे. गिरण्यांत कामास जावयाचे व ठरल्या वेळी परत यावयाचे. ही वसाहत गाव नव्हती, शहराचा वॉर्डही नव्हती. तिचा पाटील, तिचा पंच व तिचे लोकल बोर्ड सर्व एकच, म्हणजे सरकारी सुपरिंटेंडेंट. स्थानिक कारभार लोकांच्या अगदी दाराशी आला म्हणजे तो लोकांचा होतोच असे नाही, ह्याचे ह्याहून स्पष्ट उदाहरण आमच्या जिल्ह्यात दुसरे नाही. तो कायदा १९५२ साली ३१ ऑगस्टला रद्द झाला. कुंपण गेले, पण 'सेटलमेंट' हे नाव शहराच्या बोलण्यात टिकले, व तेथील कुटुंबांस नोकरीच्या अर्जावर आपला पत्ता लिहिताना जे वाटते ते आम्ही वेळोवेळी ऐकले आहे.

पत्त्याचा प्रश्न निघालाच आहे, म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. जुन्या गावात महारवाडा, मांगवाडा ह्या वस्त्या गावकुसाबाहेर असत. गावच्या हद्दीत, गावच्या कामास बांधलेल्या, आणि गावच्या पंक्तीबाहेर. त्यांची वतने १९५८ च्या कायद्याने गेली. वस्त्यांची नावे मात्र रेशनकार्डावर व शाळेच्या दाखल्यावर राहिली. अशी जातिवाचक नावे काढून त्या जागी नवी नावे देण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने २०२० च्या डिसेंबरात घेतला. नाव बदलल्याने काय होते, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. बहुधा ज्यांचा पत्ता कधी कोणी हिणवलेला नाही, तेच हे विचारतात.

स्वराज्यानंतर कायद्यांची रास पडली. ती सर्व येथे मोजण्याचे प्रयोजन नाही. १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम, १९६२ च्या १ मेपासून अमलात आलेल्या जिल्हा परिषदा व पंचायत समित्या, १९६३ च्या आरंभी मुलकी पाटलाचे पद जाऊन तलाठ्याच्या हाती गेलेला वसूल, आणि १९९३ पासून लागू झालेली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती, एवढे टप्पे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. ह्यांनी वाडीस काय दिले, हे पाहावयाचे.

प्रत्येक वाडीस स्वतंत्र पंचायत देणे परवडणारे नसल्याने, कायद्याने अनेक गावे व वाड्या मिळून एक पंचायत करण्याची मुभा ठेवली. तीच आपली 'गट ग्रामपंचायत'. ह्या कायद्याच्या चौथ्या कलमात एक लहानसे वाक्य आहे. त्याचा भाव असा की, गावांचा अथवा वाड्यांचा गट मिळून एक गाव ठरविले असता, ज्याची लोकसंख्या सर्वांत अधिक, त्याचेच नाव साऱ्या गटास लागावे. व्यवहारास हे सोयीचे आहे, ह्यात शंका नाही. परंतु मराठेशाहीतील 'मजरे' ह्या शब्दाने जे केले तेच ह्या कलमाने पुनः केले, असे आम्हांस वाटते. वाडीत जन्मलेल्या मुलाचा दाखला गटाच्या नावाने येतो. आमच्याकडे बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदीत वाडीचे नाव, सरकारी दाखल्यावर मोठ्या गावाचे, आणि आधारकार्डावर डाकघराचे. अशी तीन ठिकाणे एकाच माणसाच्या जन्मास चिकटलेली असतात. मग तो तरुण पासपोर्टासाठी अथवा नोकरीसाठी कागद घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवितो, आणि आम्ही त्याच्यासाठी "हे तिन्ही एकच" अशी चिठ्ठी लिहितो. ती चिठ्ठी कोणी मानतो, कोणी मानीत नाही.

मतांचा हिशेबही पाहावा. पंचायतीचे सदस्य सातांपासून सतरांपर्यंत, लोकसंख्येच्या मानाने. गावाचे प्रभाग पाडलेले. वाडी बहुधा एका प्रभागात बसते, म्हणजे दोन किंवा तीन सदस्य तिचे. ते सज्जन असले, मेहनती असले, तरी मत पडते त्या वेळी ते दोन किंवा तीनच. ग्रामसभेची गणपूर्ती शंभर मतदार किंवा एकूण मतदारांच्या पंधरा टक्के, ह्यांतील जी संख्या कमी ती. आणि तहकूब झालेल्या सभेस गणपूर्तीची अट नाही. सभा मोठ्या गावच्या चावडीवर. वाडीतील बाईने दिवसभर खुरपून, दोन मैल चालून तेथे जावे, सभा तहकूब झाल्याचे ऐकून परतावे, आणि मागाहून ती सभा भरून ठराव झाल्याचे कळावे. ह्यात कायदा कोठेच मोडलेला नसतो. अलीकडे वित्त आयोगाचा पैसा थेट पंचायतीच्या खात्यात येऊ लागला, ही मोठी सुधारणा होय. पण तो पंचायतीच्या खात्यात येतो. वाडीस खाते नाही.

येथे धर्मगुरूच्या सवयीनुसार एक आडवाटेचा विचार मांडतो. वाचकांनी क्षमा करावी. आपण ज्यास धर्मग्राम म्हणतो त्यास इंग्रजीत 'पॅरिश' म्हणतात. तो शब्द ग्रीक 'पारोइकिया' ह्यापासून आला. 'पारोइकोस' म्हणजे नगरात अथवा नगराजवळ राहणारा, पण ज्यास नागरिकत्वाचे हक्क नाहीत असा उपरा रहिवासी. पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांनी हे नाव स्वतःस आपण होऊन घेतले. पुढे इंग्लंडात त्याच पॅरिशला लौकिक कारभाराचा घटक केले, व १८९४ च्या कायद्याने खेड्यांतील पॅरिशना निवडलेली कौन्सिले मिळाली. अमेरिकेत तर आजही अशा असंख्य वस्त्या आहेत, ज्यांना नगराची सनद नाही, महापौर नाही. सारा कारभार कौंटीच्या कचेरीतून चालतो, आणि नकाशावर नाव मात्र असते. तेव्हा वाडीचे दुखणे आमच्याच मुलखाचे आहे असे समजण्याचे कारण नाही.

ह्यावर उपाय आहे की नाही, असे कोणी विचारील. आमच्याच महाराष्ट्रात, गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात, मेंढा हे गोंड लोकांचे लहान गाव आहे. पंचायत लेखा गावच्या नावाची होती; मेंढा तिच्या गटातील एक होते. परंतु मेंढ्याच्या लोकांनी पंचायतीची वाट न पाहता आपली ग्रामसभा आपल्याच गावात भरविली, अभ्यासगट चालविले, आणि निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेण्याची शिस्त लावून घेतली. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली त्यांस सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, व २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. लेखा-मेंढा हे जोडनाव देशभर पोहोचले ते मेंढ्याच्या कर्तृत्वाने. अनुसूचित क्षेत्रांत तर १९९६ च्या केंद्रीय कायद्याने पाड्यासही स्वतःची ग्रामसभा मागण्याची वाट मोकळी केली, आणि महाराष्ट्राने त्यासाठी २०१४ मध्ये नियम केले. सोलापूर जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र नाही. म्हणून ही वाट आमच्या वाड्यांस बंद आहे. डोंगरातील पाड्यास जे मिळू शकते ते माळावरील वाडीस का मिळू नये, ह्याचे समाधानकारक उत्तर आम्हांस अद्याप सापडलेले नाही. लोकसंख्या, उत्पन्न, अंतर ही कारणे सांगितली जातात. ती खरी आहेत, आणि स्वतंत्र पंचायत मागणाऱ्या प्रत्येक वाडीने आपला नोकर, आपला दिवा व आपले पाणी स्वतःच्या घरपट्टीतून चालेल की नाही हे आधी मोजून पाहावे. पण स्वतंत्र सभा ही स्वतंत्र तिजोरीहून स्वस्त असते.

शेवटी पुनः घराजवळ येऊ. सोलापूरची नगरपालिका १९६४ च्या १ मेपासून महानगरपालिका झाली, आणि १९९२ साली तिची हद्द वाढली. शेळगी, दहिटणे, बाळे, केगाव, देगाव, सोरेगाव, कुमठे, मजरेवाडी ही भोवतालची गावे शहरात आली, व शहराचे क्षेत्र सुमारे १७८ चौरस किलोमीटर झाले. ज्यांचे पंच चावडीवर भेटत, त्यांचे पंच आता इंद्रभुवनात बसू लागले. शहराने ह्या गावांस काहीच दिले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. रुग्णालय, शाळा, बस ह्यांचा लाभ झाला. परंतु ज्वारीच्या रानातून नळाची वाट पाहणाऱ्या घरास शहराच्या दराने पट्टी भरावी लागते तेव्हा त्याचा मालक काय म्हणतो, हे आम्ही घरभेटीस जातो तेव्हा ऐकतो. पुढे २०२२ साली नगरसेवकांची मुदत सरली व काही वर्षे सारा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्या काळात तर ज्याच्या दाराशी जाऊन बसावे असा माणूसच ह्या भागांत उरला नव्हता. गावे शहरात येऊन एक पिढी उलटली, तरी जुने सोलापूरकर त्यांस 'हद्दवाढ भाग' म्हणतात, आणि ते लोक स्वतःही तसेच म्हणतात.

त्या यादीतील शेवटचे नाव वाचकांनी पुनः एकदा पाहावे. मजरेवाडी. मजरे म्हणजेही वाडी, वाडी म्हणजेही वाडी. दप्तराने तिचा दर्जा तिच्या नावातच दोनदा लिहून ठेवला, आणि विशेष नाव असे तिला दिलेच नाही. असल्यास ते आज कोणी सांगत नाही. आता तेथे बंगले आहेत, सोसायट्या आहेत, विमानतळ हाकेच्या अंतरावर आहे. आमची काही कुटुंबेही गेल्या काही वर्षांत पेठेतील अरुंद घरे सोडून तिकडे राहावयास गेली. त्यांनी जागेचे खरेदीखत आम्हांस कौतुकाने दाखविले, तेव्हा त्यावर लिहिले होते : मौजे मजरेवाडी, तालुका उत्तर सोलापूर.